शेट बारीक होतोय

...आणि वर मलाच म्हणते, "अहो, हळू चावा ना, केवढा आवाज करताय! तो उपाशी आहे!" आता मला सांगा, टोस्ट हळू कसा चावायचा? टोस्ट आहे तो, कापूस नाहीये! कुरकुर करणारच! चहात बुडवला तर म्हणते, "वास सुटतो, त्याला त्रास होतो." मग खाऊ कुठे? तर बाथरूममध्ये! तुम्हाला सांगतो, माझ्या घरात, माझ्या टोस्टसकट, दाराला आतून कडी लावून, बादली उलटी करून तिच्यावर बसून नाश्ता करतोय मी! आणि बाहेर दाराला नाक लावून कोण बसलंय? तो! आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत कोण बसलंय? ही! आणि आतल्या माणसाबद्दल बाहेर काय बोलणं चाललंय? "असू दे हं बाळा, बाबांना कळत नाही."

बाबा! कोणाचा बाबा? मी शिंपी आहे हो! मला एकच मुलगी आहे आणि ती दोन पायांवर चालते!

तर तो म्हणजे आमचा शेट. कुत्रा. लेकीने आणला, लेकीने लाड केले, लेक नोकरीसाठी गेली लांब आणि तो राहिला आमच्याकडे. तिने त्याचं नाव काहीतरी फार नाजूक ठेवलं होतं, पण त्याची बसण्याची ऐट बघून मी शेट म्हणायला लागलो. बुटके पाय, लांब कान, आणि मधे सगळं पोट. सोफ्यावर टेकून असा बसतो की समोर गल्ला तेवढा ठेवायचा बाकी. ही मात्र त्याला बाळ म्हणते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून 'अहो'च्या पुढे गाडी गेलेली नाही. जळत नाही हं मी. नुसतं सांगतो.

झालं काय, एकदा जिन्यात बसला तो. चढेना. धापा टाकतोय, जीभ बाहेर, डोळे वर. ही घाबरली, आणि आम्ही त्याला घेऊन गेलो डॉक्टरीणबाईंकडे. आम्ही म्हणजे उचलून मी, आणि "सांभाळून, सांभाळून" करत मागून ही. डॉक्टरीणबाई तशा वयाने लहान, पण बोलण्याला धार. त्यांनी शेटला टेबलावर घेतलं, दोन्ही कुशींवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि म्हणाल्या, "काकू, ह्याच्या बरगड्या कुठे आहेत?"

ही म्हणाली, "असतील की आत."

"आत असून उपयोग नाही. बोटांना लागल्या पाहिजेत. आणि वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. ह्याला कंबरच नाही. गुडघ्यांवर ताण येतोय, हृदयावर येतोय. असंच चालू राहिलं तर फार वर्षं नाही हं काढायचा हा."

झालं! हिच्या डोळ्यांना धार लागली! त्या दवाखान्यात, त्या टेबलाशी, त्याच्या गळ्यात हात टाकून ही रडली! आणि मी? मी बाजूलाच उभा होतो की! त्याला दोन जिने उचलून आणलेला! माझ्या गुडघ्यांचा कडाकडा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आला, एका पिंजऱ्यातल्या मांजराने मान वळवून बघितलं माझ्याकडे, पण ही? नाही! माझीही कंबर कोणाला दिसत नव्हती, माझ्याही बरगड्या कोणी बघितल्याला जमाना झाला होता, पण माझ्या हृदयावरचा ताण कोण विचारतो? मला वाटलं, बाई निदान जाताजाता म्हणतील, काका, तुम्हीही जरा जपा. म्हणाल्या काय, तर "काका, रोज त्याला फिरवायचं काम तुमचं."

मग घरात सुरू झाला तो सोहळा. त्याचं खाणं मापाच्या कपाने. काठोकाठ नाही, वर बोट फिरवून सपाट. मधे एक तुकडा नाही, ताटातलं उष्टं नाही, बक्षीस द्यायचं तर गाजराची चकती. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. 'सगळ्यांनी' म्हणजे मी. कारण ही पडली नियम करणारी. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी दुकानातून आलो, ताटात बघतो तर उकडलेली फरसबी आणि उकडलेला भोपळा. म्हटलं, "हे काय? त्याचं ताट मला चुकून आलं का?" तर म्हणते, "चुकून नाही. घरात तळण आणलं की वास सुटतो, तो कासावीस होतो. थोडे दिवस आपणही साधंच खाऊ. बाळासाठी एवढंही नाही करता येत तुम्हाला?" तळलेले बटाटे बंद! लोणी बंद! केक म्हणाल तर केकचं नावसुद्धा घ्यायचं नाही, कारण म्हणे त्याला शब्द कळतो! कान टवकारतो म्हणे! अहो, माझेही टवकारतात! माझे लहान आहेत म्हणून दिसत नाहीत, एवढंच!

आणि भरवणं? वाडगा समोर ठेवला तर दोन मिनिटांत चाटून पुसून मोकळा, म्हणून सावकाश खायची सवय लागावी म्हणून ही त्याला एकेक दाणा हाताने भरवायची. एकेक दाणा! मांडी घालून जमिनीवर बसून! "घे राजा... शाब्बास... आता हा घे..." आणि मी टेबलाशी एकटा भोपळ्याबरोबर. एकदा म्हटलं, "मीठ दे गं जरा," तर वर न बघता म्हणाली, "घ्या ना हाताने, हात नाहीत का तुम्हाला?" हात आहेत म्हणून हे हाल! पंजे असते तर मलाही भरवलं असतं कोणीतरी! जळत नाही हं मी. नुसतं सांगतो.

बरं, लेकीचा फोन. रविवारी दुपारी येतो, चेहरा दिसणारा. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "बाबा, कसे आहात?" आता? "बाबा, जरा बाजूला व्हा ना, तो दिसत नाहीये!" मी बाजूला होतो. म्हणजे होतोच. मग फोन हातात धरून उभा राहतो, कारण शेटला काही फोन धरता येत नाही. ती त्याला पापे देते, तो स्क्रीन चाटतो, मी स्क्रीन पुसतो. फोन संपता संपता ती म्हणते, "बाबा, हात हलवू नका ना, तो धूसर दिसतोय." संपला आमचा बापलेकीचा संवाद!

आणि फिरवणं! तुम्हाला वाटेल, कुत्रा फिरवायचा म्हणजे काय, कुत्रा पुढे, आपण मागे, छान हवा खायची. छे! हा निघताना चालतो. औषधाच्या दुकानापर्यंत चालतो. तिथे तो पाय पसरून बसला की संपलं. ओढा, पटवा, रागवा, लाजवा... हलत नाही. लोक थांबून बघतात. एक आजोबा तर मला म्हणाले, "अहो, मुक्या प्राण्याला असं ओढू नये." मुका? मी मुका झालोय हो! मग काय, उचला! बावीस किलोचा ऐवज खांद्यावर टाकून तो सगळा चढ चढून परत यायचं, वर आमचा जिना. तो आपला खांद्यावरून इकडे तिकडे बघत, येणाऱ्याजाणाऱ्यांची सलामी घेत, डुलत डुलत. घरी पोचलो की ही दारात, पाण्याचं भांडं हातात. म्हटलं चला, निदान पाणी तरी... तर त्याच्यापुढे ठेवते! "दमलं माझं बाळ! केवढं चाललं!" कोण चाललं? चालायचं त्याने, घाम मला, आणि पाणी परत त्याला!

आता ह्या सगळ्यात एक गोष्ट मला खरी लागली. ती सांगतो, पण हसायचं नाही.

आमच्या धंद्यात स्वतःचं माप स्वतः घेत नाहीत. घेताच येत नाही. टेप कमरेला लावून आकडा बघायला खाली वाकलं की पोट पुढे येतं, की चुकला आकडा. गावाची मापं घेणारा शिंपी स्वतःच्या मापाला दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. तर लग्न झाल्यापासून माझं माप ही घेते. मला नवी पँट शिवायची झाली की दुकान बंद करून टेप घरी आणायची, आणि मी खिडकीशी हात वर करून उभा राहायचं, आणि ही मागून टेप घालून पुढे आणायची. "श्वास सोडा," म्हणायची. "सोडलाय." "नाही सोडला, मला माहितीये तुम्हाला." मग हसायची. बस्स. एवढंच. पण तेवढा वेळ ती दुसरं काही बघत नसायची. ना गॅस, ना घड्याळ, ना फोन. आमच्यात प्रेमाचं बोलणंबिलणं नाही हो, आमच्यात ते माप होतं.

आणि एक दिवस मी दुकानातून येतो तर काय बघतो? माझी टेप! माझी पितळी टोकाची जुनी टेप! शेटच्या पोटाभोवती! खिडकीशी! तिथेच, जिथे मी उभा राहतो तिथे! तो उभा आणि ही म्हणतेय, "श्वास सोड बाळा..." आणि हसतेय! माझ्या हातातली पिशवी गळून पडली. ती म्हणते, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पिशवीचा बंद तुटला." जळत नाही हं मी! पण आतमध्ये काहीतरी उसवलं, एवढं नक्की!

आणि आता ऐका ते वजनाचं. खरी गंमत तिथे आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दर आठवड्याला घरी वजन करा, मला फोनवर आकडा कळवा, आणि तीन महिन्यांनी दाखवायला आणा. आता घरचा काटा म्हणजे माणसाने उभं राहायचा, छोटासा, आकडे उजळणारा. त्याच्यावर शेट काही चार पाय ठेवून उभा राहणार नाही. त्यावरही बाईंनी युक्ती सांगितली होती. काकांनी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, तो आकडा बघायचा, मग एकट्याने उभं राहायचं, तो आकडा त्यातून वजा करायचा, उरला तो कुत्रा. सोपं. पहिल्या रविवारी तसं केलं. दोघं मिळून एकशे चार, मी ब्याऐंशी, शेट बावीस. बरोबर.

दुसऱ्या रविवारी त्याला घेऊन उभा राहिलो, हिने आकडा बघितला, मी त्याला खाली ठेवला, आणि एकटा काट्यावर चढायला पाय उचलला, तर ही म्हणते, "तुमचं कशाला परत परत? तुम्ही ब्याऐंशी. झालं की."

म्हटलं, "अगं, पण परत करायला सांगितलंय ना बाईंनी."

तर म्हणते... हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही... म्हणते, "तुमच्यात काय बदल होणार आहे? तुम्ही आहात तेवढेच आहात!"

आहात तेवढेच आहात! वाण्याकडचं वजन झालो मी! लोखंडाचं! ठेवलं तिथे, उचललं तेवढं!

पाय खाली घेतला. वाद कोण घालणार? आणि तेव्हापासून दर रविवारी तेच. मी शेटला छातीशी धरून काट्यावर, ही खाली वाकून आकडा बघते, ब्याऐंशी वजा करते, आणि टाळ्या! "अर्धा किलो उतरला! माझा राजा! माझा शहाणा!" पुढच्या रविवारी परत उतरला! त्याच्या पुढच्या रविवारी परत! लगेच लेकीला फोन, लेक तिकडून किंचाळते! डॉक्टरीणबाईंना फोन, "वा काकू, छान चाललंय!" शेजारणी बघायला यायच्या! त्याला बघायला! "कंबर दिसायला लागली बाई," एक म्हणाली. मी बघतोय, तर कुठे कंबर? पण ही टेप लावून दाखवायची, आकडा खरंच कमी! आता तीस वर्षं मापं घेणारा माणूस मी, मला कळत होतं की ही दर आठवड्याला टेप जरा जास्तच ओढतेय. गिऱ्हाइकं नाही का म्हणत, "मास्तर, तीसच लिहा हो, जरा ओढा." प्रेमाने ओढली की टेप देते हवा तो आकडा! पण बोललो असतो तर म्हणाली असती, बघवत नाही तुम्हाला त्याचं चांगलं.

आणि खरं सांगू? मलाही तो हलका वाटायला लागला होता! आधी खांद्यावर घेतला की औषधाच्या दुकानापासून घरापर्यंत मला देव दिसायचे, आता सहज आणत होतो, मधे कोणाशी बोलत वगैरे! म्हटलं, आहे, गड्याने करून दाखवलंय. आणि आतून असा तळतळाट व्हायचा! हा कुत्रा असून ह्याला जमलं! आणि माझं नशीब बघा, त्याच दिवसांत माझ्या पँटी सैल पडायला लागल्या. सगळ्या! एकदम! बेल्टला भोकं पाडत चाललोय आणि शिव्या घालतोय कापडाला! कापडवाल्याकडे गेलो भांडायला, "हे कसलं कापड दिलंत? धुतलं की वाढतं!" तो बिचारा माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, कापड आटतं असं ऐकलं होतं. वाढतं हे पहिल्यांदाच ऐकतोय." म्हटलं, शहाणपण शिकवू नका मला, माझं आयुष्य गेलंय कापडात! नवी पँट शिवावी तर माप कोण घेणार? टेप शेटकडे!

आणि त्याहून मोठा अन्याय सांगू? तो उतरला म्हटल्यावर हिचं मन विरघळायला लागलं. "एवढा गुणी आहे, एक अंडं देते आज." दिलं. पुढच्या रविवारी काटा अजून खाली. "बघा, अंड्याने काही होत नाही!" मग दोन अंडी. मग कपावर बोट फिरवणं बंद, कप शिगोशीग. मग एक बिस्किट. लोणी लावून! माझ्या डोळ्यांदेखत! म्हटलं, "मला?" तर म्हणते, "तुम्ही काय केलंत?"

बरोबर आहे. मी काय केलं? मी फक्त काट्यावर उभा राहिलो.

मग ते तीन महिने भरले. ही नवे कपडे घालून तयार, शेटला आंघोळ, पावडर, जणू बक्षीस समारंभाला निघालोय. दवाखान्यात मोठा काटा आहे, जमिनीलगत, जनावराने सरळ चढावं असा. शेट चढला. बसला. पसरला. ही हात जोडून उभी, "अठरा यायला हवा हं बाई, अठरा!"

काट्यावर आकडा आला, तेवीस.

डॉक्टरीणबाईंनी त्याला उतरवला, परत चढवला. तेवीस. बावीस होता, तो तेवीस! ही म्हणाली, "तुमचा काटा बिघडलाय." बाई म्हणाल्या, "सकाळपासून चाळीस जनावरं चढली काकू, कोणाची तक्रार नाही. घरी कसं करता वजन?" हिने सांगितलं. ऐटीत सांगितलं हो! दोघांचं करते, त्यातून ह्यांचे ब्याऐंशी काढते, दर रविवारी, एकही चुकवला नाही.

"आणि काकांचं परत कधी केलंत?"

"त्यांचं कशाला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. आणि तुम्हाला सांगतो, तीन महिन्यांत पहिल्यांदा, पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं! पँट बघितली. बेल्टची भोकं बघितली. म्हणाल्या, "काका, जरा उभे राहता का?"

कुठे? त्याच काट्यावर! जनावरांच्या! अजून शेटचे केस होते त्याच्यावर! राहिलो. काय करणार? रांगेतली माणसं बघतायत, पिंजऱ्यातली मांजरं बघतायत, शेट खाली बसून वर बघतोय, जणू आता ह्याला सुई देणार.

सत्त्याहत्तर!

अहो, सत्त्याहत्तर! पाच किलो! बाईंनी बोटांवर हिशेब केला, "सत्त्याहत्तर आणि तेवीस शंभर. शंभरातून ब्याऐंशी गेले, अठरा. काकू, हा उतरलाच नाही. काका उतरलेत. पाच किलो काकांनी उतरवले आणि त्यातला एक ह्याने खाल्ला."

तुम्हाला सांगतो... मला एकदम सगळं दिसलं! ती फरसबी! तो भोपळा! तो चढ, तो जिना, खांद्यावर तेवीस किलो! हलका तो झाला नव्हता, माझे दंड तयार झाले होते! कापड वाढलं नव्हतं, मी आटलो होतो! म्हणजे त्या सगळ्या टाळ्या माझ्या होत्या! 'माझा राजा' म्हणजे मी! 'माझा शहाणा' मी! लेकीचे पापे माझे! ती अंडी, ते लोणी लावलेलं बिस्किट, सगळं माझं! बारीक मी होत होतो आणि बक्षीस तो खात होता! इतके रविवार मी ज्याच्यावर जळलो... नाही, जळलो नाही, पण समजा जळलो असतो, तर तो मीच निघालो! मी माझ्यावरच जळत होतो!

बाई म्हणाल्या, "काका, फारच छान. काय केलंत हो?"

म्हटलं, "काही नाही. कुत्रा बारीक केला."

आणि मी छाती काढून वळलो हिच्याकडे. आता हिची पाळी! आता बोल! आहात तेवढेच आहात काय? तर ही रडत होती. शेटच्या गळ्यात पडून नाही. उभी राहून, माझ्याकडे बघत. आणि मग पुढे आली, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना, तशी तीन बोटं ठेवली माझ्या कुशीवर, शर्टावरून. दाबली. जरा खाली सरकवली, परत दाबली.

"लागतायत हो," म्हणाली. अगदी हळू. "मला कसं दिसलं नाही? दर रविवारी समोर उभे होतात."

म्हटलं, "मधे शेट होता ना. छातीशी."

तिथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. तुम्हालाही तसंच वाटतंय ना? मलाही वाटलं. घरी आलो. हिने टेप काढली. माझी टेप! मला खिडकीशी उभं केलं. मी हात वर केले, डोळे मिटले. टेप मागून आली, कमरेला लागली. ओढली नाही हं, अजिबात ओढली नाही, जशी लावायची तशी लावली. "श्वास सोडा." सोडला. ती हसली नाही, नुसती थांबली. मग म्हणाली, "अगं बाई! केवढे उतरलात!" म्हटलं, आता नक्की काहीतरी... आणि ती वळली, टेप तशीच माझ्या कमरेला ठेवून वळली, आणि सोफ्याकडे बघून म्हणते,

"बघितलंस बाळा? बाबांना जमलं! आता तुलाही जमेल! शिक जरा बाबांकडून!"

संपलं! मी आता वस्तुपाठ झालो! कुत्र्याला दाखवायचा नमुना! अंडी बंद झाली, लोणी बंद झालं, कपावर परत बोट फिरतं, आणि फरसबी दोघांच्याही ताटात. म्हटलं, "अगं, माझं झालं ना उतरून? मला तरी दे काहीतरी!" तर म्हणते, "तुम्हीच आता बिघडवू नका, तो तुमच्याकडे बघतो." आणि बघतो हो खरंच! मी चमचा उचलला की बघतो, ठेवला की बघतो! पहारेकरी! फिरायला मात्र परवा शेट औषधाच्या दुकानाच्या पुढे गेला. स्वतःच्या पायांनी. वळणावरच्या खांबापर्यंत. हिला सांगितलं तर हिने त्याला मिठी मारली. सांगायला मी पळत आलो होतो, ते राहिलं.

पण एक बदल झाला. आता दर रविवारी वजन दोनदा होतं. आधी माझं. एकट्याचं. बाईंनी बजावलंय तसं, कारण मी चुकलो तर तो चुकतो. वजाबाकीसाठी लागतो मी, दुसरं काही नाही, मला माहितीये. तर मी चढतो काट्यावर, ही खाली वाकते, आणि मी डगमगू नये म्हणून एका हाताने माझं मनगट धरते. आमच्या काट्याची एक खोड आहे, माणूस पूर्ण स्थिर उभा राहिल्याशिवाय आकडा थांबत नाही, नुसता खालीवर खालीवर उड्या मारतो. आणि आकडा थांबेपर्यंत ही हात सोडत नाही, वर बघत नाही, शेटने कितीही कुंई केलं तरी वळत नाही.

"अहो, नीट उभे राहा ना," म्हणते. "एवढे कसे डगमगता? पूर्वी नव्हता डगमगत."

म्हटलं, "वय झालं."

मग कधीतरी आकडा थांबतो, ती हात सोडते, आणि म्हणते, "हं, उतरा. आता ह्याला घ्या." उतरतो. घेतो त्याला.

जळत नाही हं मी. नुसता थोडा हलतो.